राणीचा लष्करी मुलगा

१८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने एका माणसाला रजा मिळावी म्हणून स्वतंत्र कायदा केला. हा माणूस बॉम्बे आर्मीचा सरसेनापती होता. हिंदुस्थानातला सरसेनापती युरोपला परतण्यासाठी देशाबाहेर पडला, की त्याने पद सोडले असे धरायचे, हा नियम कंपनी सरकारच्या काळापासून चालत आला होता. या सरसेनापतीला मात्र जून महिन्यात लंडनला पोहोचणे भाग होते, कारण त्याच्या आईच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. आई म्हणजे महाराणी व्हिक्टोरिया. राणीच्या एका शब्दावर मुलाला बोलावून घेता आले नाही. पार्लमेंटपुढे विधेयक आणावे लागले, ते मंजूर करून घ्यावे लागले, आणि मगच ड्यूक ऑफ कॅनॉट आपले पद राखून बोटीत चढू शकला.

राजघराण्यातला माणूस लष्करात नोकरी करतो म्हणजे नेमके काय करतो, या प्रश्नाची दोन्ही टोके या छोट्याशा कायद्यात सापडतात. नियम त्यालाही लागू होते, म्हणून रजेचा प्रश्न उभा राहिला. तो राणीचा मुलगा होता, म्हणून त्या प्रश्नावर कायदाच झाला. प्रस्तुत पुस्तक या ड्यूकचे, म्हणजे राजपुत्र आर्थर विल्यम पॅट्रिक अल्बर्ट याचे चरित्र सांगते. १८५० साली जन्मलेला आणि १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना वारलेला हा माणूस मराठी वाचकाला बहुतेक फक्त नावाने माहीत असतो. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला त्याचे नाव मिळाले. त्या बाजारपेठेवरून संभाजीनगरच्या सिडकोतली पेठ ओळखली जाऊ लागली. पुणे स्टेशनाजवळच्या आजच्या साधू वासवानी रस्त्याला जुने पुणेकर कॅनॉट रोड म्हणत. नाव तोंडात राहिले आणि माणूस विसरला गेला.

या विषयाची पार्श्वभूमी थोडी मागून पाहावी लागते. रणांगणावर स्वतः सैन्याचे नेतृत्व करणारा शेवटचा ब्रिटिश राजा म्हणजे दुसरा जॉर्ज. लढाई डेटिंगेनची, साल १७४३. त्यानंतर राजे लढाईवर गेले नाहीत, पण लष्कर कोणाचे हा वाद संपला नाही. पैसा पार्लमेंट देत होते आणि अधिकारी शपथ राजाच्या नावाने घेत होते. या फटीत राजघराण्यातले धाकटे मुलगे उभे राहिले. तिसऱ्या जॉर्जचा मुलगा फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क, फ्लँडर्सच्या मोहिमेत अपयशी ठरला. पण सरसेनापती झाल्यावर त्याने लष्कराचा कारभार शिस्तीत आणला, अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची घडी बसवली, आणि नेपोलियनविरुद्ध उभे राहिलेले सैन्य घडवण्यात त्याचा वाटा मोठा होता. व्हिक्टोरियाचा चुलतभाऊ ड्यूक ऑफ केंब्रिज क्रिमियात आल्मा आणि इंकरमन इथे लढला आणि पुढे १८५६ पासून १८९५ पर्यंत, सलग ३९ वर्षे, सरसेनापतीच्या खुर्चीत बसला. पैसे मोजून अधिकारपद विकत घेण्याची पद्धत १८७१ मध्ये बंद झाली. ती बंद करण्यासारख्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेला त्याचा मनापासून विरोध होता. या दोन ड्यूकांच्या गोष्टीवरून एक दिसते. राजघराण्याचा हात लष्कराला घडवू शकत होता, तसाच तो अडवूही शकत होता.

आर्थरचा जन्म १ मे १८५० चा. त्याच दिवशी वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन ८१ वर्षांचा झाला. बाळाला आर्थर हे नाव वेलिंग्टनवरून मिळाले आणि म्हातारा ड्यूक त्याचा धर्मपिता झाला. मराठी वाचकाला इथे थांबावेसे वाटेल, कारण हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली जालन्याजवळ असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. असईच्या आठवणी ज्याच्या डोक्यात ताज्या होत्या, त्याचे नाव घेऊन हा मुलगा वाढला, आणि पुढे त्याच दख्खनच्या पठारावरच्या छावण्यांचा प्रमुख झाला. त्याच्या जन्माआधी थोडेच दिवस वेलिंग्टनने राणीचा नवरा अल्बर्ट याला सरसेनापतीपद घेण्याची गळ घातली होती. अल्बर्टने नकार दिला. राजघराणे आणि लष्कर यांचे नाते किती ताणायचे, याचा विचार आर्थरच्या घरात त्याच्या पाळण्याआधीपासून चालू होता.

आर्थरला लहानपणापासून फक्त शिपाईच व्हायचे होते. वूलविचच्या मिलिटरी अकादमीत शिकून १८६८ साली तो रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला. मग तोफखाना, मग वडिलांच्या नावाची रायफल ब्रिगेड. या पलटणीबरोबर तो कॅनडात राहिला आणि आयरिश फेनियन बंडखोरांचा हल्ला परतवण्याच्या धामधुमीत हजर होता. १८७४ मध्ये आईने त्याला ड्यूक ऑफ कॅनॉट अँड स्ट्रॅदर्न केले. पहिले नाव आयर्लंडच्या पश्चिम प्रांताचे, दुसरे स्कॉटलंडमधले.

त्याच्या नोकरीतला खरा कसोटीचा दिवस एकच, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. १८८२ च्या सप्टेंबरात इजिप्तमध्ये तेल-एल-केबीर इथे बंडखोर सेनानी अराबी पाशाच्या खंदकांवर ब्रिटिश सेनापती सर गार्नेट वुल्झली याने रात्रीची चाल केली. हजारो माणसे अंधारात वाळवंट तुडवत निघाली. दिवा नाही, विडी नाही, बोलणे नाही. वाट दाखवायला फक्त आकाशातले तारे आणि त्यांवर नजर ठेवून चालणारा एक नौदल अधिकारी. तो या लढाईत प्राणघातक जखमी झाला. १३ तारखेची पहाट फुटायच्या बेतात असताना पहिली गोळी सुटली आणि तासाभरात सारा खेळ आटोपला. ड्यूक गार्ड्स ब्रिगेडचा प्रमुख होता आणि त्याची ब्रिगेड उजव्या बाजूच्या दुसऱ्या रांगेत होती. पहिल्या रांगेचा मार तिच्या वाट्याला आला नाही, तरी गोळ्या-गोळे येत होते आणि तो त्यांच्यात उभा होता. तिकडे बालमोरलला राणी तारेची वाट पाहत होती. वुल्झलीने विजयाबरोबर मुलगा सुखरूप असल्याचेही कळवले. राजपुत्राला दुसऱ्या रांगेत ठेवले होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. या पुस्तकाचा लेखक या प्रश्नाचे सोपे उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे: राखीव ब्रिगेड ही लढाईची गरज असते, आणि राजपुत्र मारला जाणे ही सरकारची भीती असते. त्या पहाटे दोन्ही गोष्टी एकाच जागी उभ्या होत्या.

त्यानंतर हिंदुस्थान. मेरठ डिव्हिजनवर काही काळ काढून १८८६ च्या अखेरीस ड्यूक बॉम्बे आर्मीचा प्रमुख झाला आणि १८९० च्या मार्चपर्यंत त्या पदावर राहिला. तेव्हा बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन फौजा होत्या. १८९५ मध्ये त्या मोडून एक सैन्य झाले. म्हणजे ड्यूकच्या हाती आलेली बॉम्बे आर्मी तिच्या आयुष्याच्या शेवटच्या दशकात होती. १८८० साली अफगाणिस्तानात मैवंदच्या पराभवात तिच्या पलटणी चिरडल्या गेल्या होत्या. वर बसलेला जंगी लाट, फ्रेडरिक रॉबर्ट्स, उत्तरेकडच्या काही जाती-जमातीच खऱ्या लढवय्या असे मानणारा होता. दख्खन-कोकणातल्या शिपायाच्या पायाखालची जमीन सरकू लागली होती.

हा भाग महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. बॉम्बे आर्मीत मराठे होते, महार होते, कोकणातली गावेच्या गावे पलटणीच्या पेन्शनवर जगत होती. त्याच फौजेतल्या शाळेत सुभेदार रामजी सकपाळ मुख्याध्यापक होते. त्यांच्या पोटी १८९१ साली महूच्या छावणीत भीमराव आंबेडकर जन्मले. लष्करातल्या सक्तीच्या शिक्षणाने या घराला अक्षरांची वाट दाखवली. पण १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महारांची भरती बंद झाली, आणि पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. इंग्रजी चरित्रांत पुण्यातली ही तीन-साडेतीन वर्षे कवायती, पाहुणे, शिकारी आणि महाबळेश्वरचा उन्हाळा एवढ्यात आटपतात. खाली रांगेत काय चालले होते ते सांगायला मराठी पुस्तकच हवे होते.

आणि मग २ मार्च १८८८ ची संध्याकाळ. जोतीराव फुल्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात ड्यूक आणि त्याची पत्नी यांच्यासाठी मेजवानी दिली. निमंत्रितांत सरदार, सावकार, वकील, बडे अधिकारी. अंगावर जरी, बोटांत हिरे. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात. डोक्याला जुने पागोटे, खांद्यावर घोंगडी, आखूड धोतर. दारावर त्यांना अडवले गेले, मग यजमानांनी आत घेतले. भाषणाची वेळ आली तेव्हा ते उठले आणि राणीच्या मुलाला तोंडावर सांगितले, की इथे दागिने घालून बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी रयत खेड्यांत आहे, तिला पोटभर अन्न नाही आणि अक्षरओळख नाही. राजपुत्राने ती खेडी आणि अस्पृश्यांची वस्ती पाहावी, आणि आईला जाऊन सांगावे की या लोकांना शिक्षण द्या.

या प्रसंगावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण जवळजवळ नेहमी जोतीरावांच्या बाजूने. समोर बसलेला माणूस कोण होता, त्याच्या हातात काय होते, काय नव्हते, हे कोणी फारसे विचारले नाही. तो विचार केला की जोतीरावांची निवड किती अचूक होती ते कळते. लॉर्ड रे यांच्यासारखा मुंबईचा गव्हर्नर पाच वर्षांनी जाणारा. तो सरकारला अहवाल पाठवतो, सरकार तो फायलीत लावते. ड्यूक मात्र घरी पत्र लिहितो. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या, हंटर शिक्षण कमिशनपुढे निवेदन दिलेल्या माणसाने सरकारी दरवाजे ठोठावून पाहिले होते. आता त्याने थेट घराचा दरवाजा ठोठावला. लगेच काही बदलले नाही, हेही सांगायला हवे. पण गणवेशातल्या राजपुत्राला आपली व्यथा ऐकवायची जागा मानणे, ही राजकीय कृती होती, आणि ती पुण्यात घडली.

ड्यूकची लष्करी महत्त्वाकांक्षा पुढे एका मोठ्या निराशेत संपली. राणीची इच्छा होती की केंब्रिजनंतर सरसेनापतीपद आर्थरला मिळावे. १८९५ मध्ये केंब्रिजला निवृत्त व्हावे लागले तेव्हा मंत्रिमंडळाने निवड केली ती वुल्झलीची. राजघराण्यातला माणूस लष्कराच्या शेंड्यावर बसणार नाही, हे त्या दिवशी ठरून गेले. ड्यूक पुढे आयर्लंडमध्ये प्रमुख होता, १९०२ मध्ये फील्ड मार्शल झाला, आणि १९०४ मध्ये सरसेनापतीपदच रद्द झाले तेव्हा नव्याने निर्माण झालेल्या इन्स्पेक्टर जनरलच्या जागेवर पहिला माणूस तोच बसला. १९०७ मध्ये त्याला माल्टाला भूमध्य समुद्रातल्या फौजांवर नेमले. दोन वर्षांत त्याने राजीनामा दिला, कारण त्या जागेवर करण्यासारखे काही कामच नाही असे त्याचे मत झाले. नुसत्या मानासाठी नोकरी करणाऱ्या माणसाला हे सुचत नाही. चरित्रात याहून गाजलेले प्रसंग पुष्कळ आहेत, पण त्याच्या लष्करी निष्ठेचा हा सर्वांत बोलका पुरावा मानावा लागेल.

१९११ ते १९१६ तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने आपल्या पदाचा लष्करी अर्थ फार मनावर घेतला, छावण्या तपासल्या, लष्करमंत्री सॅम ह्यूज याच्याशी त्याचे खटके उडाले. कॅनडाला आपले निर्णय आपल्या मंत्र्यांनी घ्यायला हवे होते; जुन्या सेनापतीला ते पचायला जड गेले. त्याच युद्धात १९१४ च्या ऑक्टोबरात ‘१२९ ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन बलुचीज’ या मुळच्या बॉम्बे आर्मीतल्या पलटणीचा शिपाई खुदादाद खान बेल्जियममध्ये मशीनगनवर एकटा टिकून राहिला, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला हिंदी सैनिक ठरला.

सत्तरीत तो पुन्हा हिंदुस्थानात आला. १९२१ च्या आरंभी माँटेग्यू-चेम्सफर्ड (माँटफर्ड) सुधारणांनुसार स्थापन झालेल्या विधिमंडळांचे उद्घाटन त्याने मद्रास, कलकत्ता, दिल्ली आणि मुंबईत केले, दिल्लीत आजच्या इंडिया गेटची कोनशिला बसवली. जालियनवाला बागेची सावली सगळ्या देशावर पडली आहे हे त्याने दिल्लीच्या भाषणात उघड बोलून दाखवले. विस्मरण आणि क्षमेचे आवाहन केले. पण असहकाराचा काळ होता. गांधीजींनी त्याला खुले पत्र लिहून सांगितले, की आमचा बहिष्कार तुमच्या व्यक्तीवर नाही, राज्यपद्धतीवर आहे. १८८८ मध्ये जोतीरावांनी या माणसासमोर जाऊन बोलणे पसंत केले, १९२१ मध्ये काँग्रेसने न जाणे पसंत केले. मधल्या तेहतीस वर्षांत देश किती बदलला हे मोजायला एकच राजपुत्र दोन्ही वेळा हजर असावा, हा इतिहासकाराचा मोठा लाभ आहे.

अशा माणसांवर लिहिणाऱ्यांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत. सर जॉर्ज ॲस्टन याने १९२९ मध्ये, ड्यूक हयात असतानाच, लिहिलेले चरित्र हे दरबारी परंपरेतले: आदराने भरलेले, माहितीने उपयुक्त. नोबल फ्रँकलंड यांचे १९९३ चे चरित्र कागदपत्रांवर उभे आहे आणि आजही पाया म्हणून तेच घ्यावे लागते. लष्करी इतिहासकारांना ड्यूकपेक्षा वुल्झली आणि रॉबर्ट्स यांच्या गटांची चढाओढ महत्त्वाची वाटते. त्यांच्या पुस्तकांत राजपुत्र पटावरचे एक प्यादे असतो. १९८० नंतर डेव्हिड कॅनडाइन आणि बर्नार्ड कोहन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दरबार, पदव्या, मिरवणुका, गणवेश यांनाच राज्यकारभाराचे साधन म्हणून वाचायला शिकवले. या वाचनाने खूप काही उलगडले, पण त्याची एक मर्यादा आहे. गणवेशाचा अर्थ लावताना त्याच्या आत घाम गाळणारा माणूस कधी कधी निसटतो. माइल्स टेलर यांच्या २०१८ च्या ‘एम्प्रेस’ या पुस्तकाने व्हिक्टोरिया आणि हिंदुस्थान यांचे नाते दोन्ही बाजूंनी तपासले. मराठीत या विषयावरचे स्वतंत्र काम मात्र विरळ आहे. जे आहे ते फुले-आंबेडकर चरित्रांच्या समासात.

हा विषय आज शिळा झाला आहे असे वाटू शकते. तसे नाही. आर्थरच्या पिढीनंतरही राजघराण्यातली माणसे युद्धात गेली: पुढे राजा झालेला सहावा जॉर्ज १९१६ साली जटलंडच्या आरमारी लढाईत तोफेच्या बुरुजात होता, पुढे या घराण्याचा जावई झालेल्या राजपुत्र फिलिपने १९४१ मध्ये मॅटापानच्या लढाईत सर्चलाइट सांभाळले, ड्यूक ऑफ केंट १९४२ मध्ये लष्करी विमान कोसळून मेला, एलिझाबेथ १९४५ मध्ये मोटारी दुरुस्त करायला शिकली. १९८२ मध्ये अँड्र्यू फॉकलंडला हेलिकॉप्टर चालवत होता आणि हॅरी दोनदा अफगाणिस्तानात गेला. मग २०२१ आणि २०२२ मध्ये याच दोघांच्या मानद लष्करी पदव्या काढून घेतल्या गेल्या, आणि ब्रिटनमध्ये जुनाच प्रश्न नव्याने विचारला गेला: ही पदे कमावलेली असतात की जन्माने मिळालेली? पदवी परत घेता येते, पण गाजवलेली लढाई परत घेता येत नाही. आर्थरच्या आयुष्यात हा प्रश्न सत्तर वर्षे चालू होता.

इकडे आपल्याकडे छावण्यांची, रस्त्यांची, पलटणींची जुनी नावे बदलण्यावर वाद होतात. नाव ठेवावे की पुसावे, हे ठरवण्याआधी ते नाव कोणाचे होते हे माहीत असणे एवढी किमान अपेक्षा आहे.

या पुस्तकात लेखकाने ड्यूकला खलनायक केलेले नाही आणि त्याची आरतीही ओवाळलेली नाही. त्याची सेवा खरी होती हे ते मान्य करते, आणि ती सेवा कोणाच्या राज्यासाठी होती हे एका पानावरही विसरत नाही. विंडसरच्या बाजूची माहिती इंग्रजी साधनांतून घेतली आहे. पुण्याच्या, दापोलीच्या, महूच्या बाजूची माहिती मराठी चरित्रे, नियतकालिके आणि अर्जांतून. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्याने जे दिसते ते आधीच्या कोणत्याही चरित्रात दिसत नव्हते. काही ठिकाणी लेखकाचा निष्कर्ष वाचकाला पटणार नाही. विशेषतः पुण्याच्या मेजवानीचा ड्यूकवर खोल परिणाम झाला असावा, हे त्यांचे अनुमान धाडसी आहे. पण अनुमान कुठे सुरू होते ते त्यांनी दर वेळी स्पष्ट सांगितले आहे.

बॉम्बे आर्मीच्या शिपायांची बाजू या पुस्तकात अजून अपुरी आहे, आणि ती पुरी करणे एका लेखकाच्या हातचे नाही. सातारा, रत्नागिरी, नगर, पुणे या जिल्ह्यांतल्या अनेक घरांत पणजोबा-खापरपणजोबांची पदके, पेन्शनचे कागद, सनदा, पलटणीतून लिहिलेली मोडी पत्रे अजून ट्रंकेत पडून असतात. वाचकांनी ती उघडून पाहावीत, रद्दीत किंवा सराफाकडे जाऊ देऊ नयेत, आणि वाचता येत नसतील तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात नेऊन दाखवावीत.